पालकांच्या माघारी कोणते घर?

कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेर म्हणून असोदा हे जळगावलगतचे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. १८८० मध्ये तेथील महाजन कुटुंबात बहिणाबाईंचा जन्म झाला. त्या काळी खानदेशातील शेतकरी घरांत मोठा गोतावळा एकाच छपराखाली नांदत असे. घरातील एखादा मुलगा बुद्धीने अधू असला, एखाद्या मुलीला आकडी येत असली, तरी त्यांच्यासाठी वेगळी सोय शोधावी लागत नसे. ही व्यवस्था आदर्श होती असे मुळीच नव्हे. तिचा सारा भार घरातील स्त्रियांच्या कष्टांवर होता आणि ज्याचा सांभाळ व्हायचा त्याची इच्छा विचारण्याची पद्धत नव्हती. तरीही आई-वडिलांच्या माघारी या लेकराचे कसे होणार, या प्रश्नाला घरातच काहीतरी उत्तर होते.

आज ते उत्तर उरलेले नाही. जळगाव शहर चहूबाजूंनी वाढत आहे आणि केळी-कापसाच्या उत्पन्नावर शिकलेली मुले पुण्या-मुंबईत स्थिरावली आहेत. गावातल्या घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि चाळिशीतला, पण स्वतःचे जेवणखाण व औषधे सांभाळू न शकणारा मुलगा, असे चित्र खानदेशच्या कोणत्याही मोठ्या गावात आढळते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. त्यांतील बहुसंख्यांना निवासी गृहाची गरज नाही. मात्र बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा दीर्घकालीन मानसिक आजार असलेल्या प्रौढांपैकी अनेकांना आयुष्यभर कोणाचा तरी हात लागतो. तो हात घरात नसेल तेव्हा लागते ते निवासी गृह, आणि असे गृह चालवणे म्हणजे नेमके काय, याचा विचार आपल्याकडे फारच थोडा झाला आहे.

एखाद्या संस्थेची चर्चा साधारणपणे दोनच प्रसंगी होते. एक, देणगीतून नवी इमारत उभी राहते तेव्हा आणि दोन, तेथे काही भयंकर घडते तेव्हा. या दोन बातम्यांच्या मध्ये जी वर्षे जातात, त्यांतला रोजचा कारभार कोणी पाहत नाही. रात्रपाळीला कोण होते, गोळी वेळेवर दिली का, मुलीच्या अंगावरचा वळ कसला, निवृत्तिवेतनाचे पैसे कोणाच्या खात्यात गेले, हे प्रश्न बातमीचे नसतात. गृहाचे बरेवाईट मात्र तेथेच ठरते.

शिरूर ते कळंबोली

महाराष्ट्राला याची पहिली मोठी जाणीव १९९४ मध्ये झाली. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय गृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आल्याचे उघड झाले. मासिक पाळीच्या काळात या मुलींची स्वच्छता राखणे कठीण जाते, हे त्यामागचे कारण सांगण्यात आले. महिला संघटनांच्या तीव्र विरोधानंतर या शस्त्रक्रिया थांबल्या. प्रश्न मुलींच्या शरीराचा नव्हता. मुलींना शिकवायला आणि मदत करायला पुरेशी माणसे नेमणे, हा त्यावरचा उपाय होता. मनुष्यबळाच्या तुटीवरचा तोडगा त्या मुलींच्या शरीरावर लादला गेला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या दहाव्या कलमाने संमतीवाचून वंध्यत्व आणणाऱ्या कोणत्याही वैद्यकीय प्रक्रियेस मनाई केली, ती बावीस वर्षांनी.

२०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कवडास येथील गृहात बौद्धिक दिव्यांग मुलांचे उपासमारीने व कुपोषणाने मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची स्वतःहून दखल घेतली आणि डॉ. आशा बाजपेयी यांच्या नेतृत्वाखाली राज्यातील अशा गृहांची पाहणी सुरू झाली. पाठोपाठ २०११ मध्ये नवी मुंबईजवळ कळंबोली येथील आश्रमातील मुलींवरचे अत्याचार उजेडात आले. त्या प्रकरणी २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने संस्थाचालकासह अनेकांना दोषी ठरवले.

हा केवळ महाराष्ट्राचा किंवा खासगी संस्थांचा दोष नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. दिल्लीच्या रोहिणी भागातील ‘आशा किरण’ हे गृह तर सरकारचे. तेथे जुलै २०२४ या एका महिन्यात डझनाहून अधिक प्रवेशितांचे मृत्यू झाल्याने खळबळ उडाली आणि क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे तेथे कोंबल्याचे समोर आले. राज्ये वेगळी आणि चालक वेगळे असले, तरी या घटनांतील सूत्र बरेचसे समान आहे. प्रवेशित फार, कर्मचारी थोडे, बाहेरच्या माणसाची ये-जा नाही आणि ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांना तो शब्दांत सांगता येत नाही.

कायद्याचे दार

कायदा नाही, अशी तक्रार आता करता येणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारास भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्याचे एकोणिसावे कलम इतरांप्रमाणे समाजात राहण्याचा हक्क सांगते. त्याच धर्तीवर २०१६ च्या अधिनियमाने कोणत्याही दिव्यांग व्यक्तीवर विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती होऊ नये, असे म्हटले. नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांची संस्था चालवण्यास त्याच अधिनियमाने मनाई केली. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आणखी पुढे गेला. रुग्णालयाची गरज संपलेल्या व्यक्तींसाठी सरकारने मध्यमार्गी गृहे आणि ‘ग्रुप होम’ उपलब्ध करावीत, असे त्यात स्पष्ट नमूद आहे.

प्रत्यक्षात काय घडले? राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. खानदेशात एकही नाही. बरे झालेल्या, परंतु घरच्यांनी परत न नेलेल्या रुग्णांचा प्रश्न या रुग्णालयांत वर्षानुवर्षे साचलेला आहे. अशा व्यक्तींना भिक्षेकरी गृहांत किंवा वृद्धाश्रमांत हलवण्याचा प्रकार तात्काळ थांबवा, असे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला सांगावे लागले. ग्रुप होम कायद्यात होते, जमिनीवर नव्हते. म्हणूनच जी चार भिंतींची सोय आयती होती, तिकडे माणसे पाठवली गेली.

नोंदणीच्या तरतुदीचीही मर्यादा लक्षात घ्यावी लागेल. २०१६ च्या अधिनियमाचा पहिला भंग केल्यास दंड आहे दहा हजार रुपयांपर्यंत. प्रमाणपत्र देताना जागा, स्वच्छतागृहे, कागदपत्रे तपासली जातात. पण प्रमाणपत्र हे दारावरचे कुलूप उघडण्यापुरते असते. त्यानंतर घरात काय चालते, हे पाहण्यासाठी ठरावीक काळाने, पूर्वसूचना न देता, खात्याबाहेरच्या माणसांनी फेरी मारणे आवश्यक असते. मार्च २०२१ मध्ये जळगावच्या एका शासकीय महिला वसतिगृहाबाबतचे आरोप विधानसभेत गाजले. चौकशीत तथ्य आढळले नाही, असे तत्कालीन गृहमंत्र्यांनी सभागृहात सांगितले. अशा गृहांवर स्वतंत्र आणि नियमित देखरेख असती, तर आरोपांचा खरेखोटेपणा ठरवण्यासाठी मुंबईहून आदेश निघण्याची वाट पाहावी लागली नसती. अशी देखरेख प्रवेशितांइतकीच प्रामाणिक कर्मचाऱ्यांचीही ढाल असते.

अठराव्या वर्षाचा उंबरठा

खानदेशाशी थेट नाते सांगणारी एक घटना या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. जळगाव रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली एक अंध मुलगी सापडली. तिची रवानगी झाली ती अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे, शंकरबाबा पापळकर यांच्या बालगृहात. बाबांचे आडनाव लावून वाढलेल्या या माला पापळकर यांनी २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लिपिक-टंकलेखक पदासाठी यश मिळवले, तेव्हा साऱ्या राज्याने कौतुक केले. त्याच वर्षी पापळकर यांना पद्मश्री मिळाली.

कौतुक योग्यच होते. परंतु जळगावात सापडलेल्या मुलीसाठी खानदेश सोडून थेट विदर्भातले घर का शोधावे लागले, हा प्रश्न त्या कौतुकात मागे पडला. आणि पापळकर अनेक वर्षे जी मागणी करत आले, तीही मागेच राहिली. बालन्याय कायद्यानुसार बालगृहातील मूल अठरा वर्षांचे झाले की त्याला बाहेर पडावे लागते. पुढील काळजीची सोय २१ वर्षांपर्यंत आणि अपवाद म्हणून २३ पर्यंत मिळते. सुदृढ मुलालाही हे वय कोवळे वाटते. ज्याची बौद्धिक वाढ पाच-सहा वर्षांच्या मुलाइतकी आहे, त्याने या वयात जावे कोठे? बेवारस दिव्यांग मुलांना अठरा वर्षांनंतरही त्याच संस्थेत आजीवन राहू द्यावे, हे पापळकर यांचे म्हणणे आहे. वझ्झरमध्ये त्यांनी शंभराहून अधिक मुलांना आपले नाव दिले, काहींची लग्ने लावून दिली आणि त्यांना कायमचे घर दिले. पण हे सारे एका माणसाच्या निर्धारावर उभे राहिले. संस्थापकाचे वय वाढते तसा संस्थेचाही प्रश्न तोच होतो, जो पालकांचा आहे: माघारी काय?

आठवड्याचे १६८ तास

कारभाराचा हिशेब मांडला की यातली अडचण उघड होते. समजा, असोद्यासारख्या गावात दहा प्रौढांसाठी एक गृह सुरू केले. दिवसाच्या सोळा तासांत दोन आणि रात्रीच्या आठ तासांत एक जागा काळजीवाहक हवा, असे किमान गणित धरले, तर दिवसाला चाळीस आणि आठवड्याला २८० तासांचे काम होते. एका कामगाराचे आठवड्याचे कमाल तास ४८. म्हणजे सहा माणसे केवळ पाळ्या भरण्यासाठी लागतात. रजा आणि आजारपण धरले तर सात. स्वयंपाकी, अधीक्षक, अधूनमधून येणारे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट वेगळेच. आठवड्याचे १६८ तास घर चालू असते. त्याला दिवाळीची सुट्टी नसते.

आता उत्पन्नाची बाजू. संजय गांधी निराधार योजनेतील दिव्यांगांचे मासिक अर्थसाहाय्य २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आले. वाढ स्वागतार्ह आहे. पण दहाही जणांचे हे पैसे एकत्र केले तरी महिन्याला पंचवीस हजार होतात. त्यात सात काळजीवाहकांचा पगार तर सोडाच, दोघांचाही जेमतेम भागेल. उरलेला खर्च पालकांच्या ठेवींतून आणि मासिक शुल्कातून निघतो, नाहीतर देणगीदारांकडून. ठेव भरू शकणाऱ्यालाच जागा मिळते. कोरडवाहू शेतकऱ्याचा किंवा शेतमजुराचा मुलगा बाहेर राहतो. देणगीदार इमारतीवर नाव कोरायला तयार असतो, रात्रपाळीच्या पगाराला क्वचितच. मग माणसे कमी केली जातात. रात्री एकाच बाईवर तीस जणांची जबाबदारी येते, दारे बाहेरून बंद होतात, गुंगीची औषधे वाढतात. बहुतेक अनाचारांची सुरुवात अशा काटकसरीत असते, दुष्टपणा त्यात नंतर शिरतो.

केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाने ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या आजीवन निवासाची आणि ‘समर्थ’ ही अल्पकालीन निवासाची योजना आखली. कल्पना उत्तम आहेत. मात्र १९९९ च्या न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता एवढेच चार प्रकार येतात. मानसिक आजारातून सावरलेल्यांना त्यांचा लाभ नाही. राज्यात २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची घोषणा झाली. प्रत्येक प्रवेशितामागे ठरावीक मासिक अनुदान आणि त्याच्या बदल्यात ठरावीक मनुष्यबळ, अशी सांगड या विभागाने घातल्याशिवाय चांगले गृह हा केवळ सुदैवाचा भाग राहील.

लहान घर, उघडे दार

चांगली उदाहरणे आपल्याकडे आहेत आणि त्यांच्याकडून शिकता येते. डोंबिवलीजवळच्या खोणी गावात अमेय पालक संघटनेने उभे केलेले ‘घरकुल’ पालकांनी एकत्र येऊन चालवले. आपल्याच मुलांसाठी काढलेली संस्था असल्याने देखरेखीला बाहेरचा डोळा आपोआप मिळाला. पुण्याजवळ मारुंजी येथे ‘नवक्षितिज’ने बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी निवासाची व्यवस्था केली. चेन्नईच्या ‘द बनियन’ या संस्थेने तर निराळाच मार्ग धरला. मानसिक आजारातून बऱ्या झालेल्या चार-पाच महिलांनी सामान्य वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहायचे आणि मदतनीस त्यांच्या गरजेप्रमाणे यायची. ‘होम अगेन’ नावाच्या या उपक्रमाची जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अनुकरणीय सेवांमध्ये नोंद केली आणि तो पुढे महाराष्ट्रातही आला. खुद्द जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचे ‘मनोबल’ हे दिव्यांग आणि अनाथ युवकांचे निवासी प्रशिक्षण केंद्र आहे. केशवस्मृती प्रतिष्ठानने बौद्धिक दिव्यांगांसाठी ‘आश्रय - माझे घर’ हा प्रकल्प उभा केला. म्हणजे जिल्ह्याला अनुभव नाही, असे नाही. तो अनुभव शहराबाहेर, तालुक्यांपर्यंत पोहोचलेला नाही.

लहान गृहांवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो फेटाळण्याजोगा नाही. शंभर जणांच्या संस्थेला फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षक, रुग्णवाहिका परवडते. दहा जणांच्या घराला ते कसे परवडणार? आणि विखुरलेल्या पन्नास घरांवर लक्ष तरी कोण ठेवणार? याचे उत्तर असे की तज्ज्ञ सेवा तालुक्याच्या ठिकाणी असाव्यात आणि त्या घरांनी वाटून घ्याव्यात. झोपणे, जेवणे, रुसणे, सण साजरे करणे हे मात्र लहान घरातच चांगले होते. दहा माणसांत काळजीवाहकाला प्रत्येकाचे नाव, आवड आणि आकडीची पूर्वलक्षणे माहीत असतात. शंभरांत प्रवेशिताचा क्रमांक होतो. आणि गावाच्या मध्यभागी असलेल्या घरात जे चालते, ते शेजाऱ्यांपासून फार काळ लपत नाही. गावापासून दूर माळावर, कुंपणाच्या आत बांधलेल्या आश्रमात ते लपते.

गावाने काय करावे?

असोद्यासारख्या गावांना यासाठी सर्वस्वी सरकारच्या तोंडाकडे पाहण्याची गरज नाही. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांग कल्याणासाठी खर्च करायची आहे. हा निधी अनेक ठिकाणी वर्षाअखेरीस किरकोळ रकमांच्या वाटपात संपतो. शेजारच्या चार-पाच ग्रामपंचायतींनी तो एकत्र केला, तर निदान दिवसभराचे सांभाळ केंद्र आणि काही खाटांची अल्पकालीन निवासाची सोय उभी राहू शकते. थकलेल्या आईला शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दवाखान्यात राहायचे असेल, तर त्या आठ दिवसांची सोयही आज बहुतेक तालुक्यांत नाही. आजीवन निवासाचा विचार तेथूनच सुरू व्हायला हवा. आईच्या हयातीत ज्या घराची सवय झाली, तेथे तिच्या माघारी राहणे मुलाला सोपे जाते.

दुसरे काम कागदपत्रांचे. अपत्य अठरा वर्षांचे झाले की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे असंख्य कुटुंबांना ठाऊक नसते. न्यास कायद्याखालील चारही प्रकारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमू शकते. तो अर्ज आई-वडिलांनी हयातीतच करायला हवा. शेतजमिनीचा प्रश्न त्याला जोडूनच येतो. आजार, व्यंग किंवा विद्रूपता यामुळे कोणाचाही वारसाहक्क जात नाही, असे हिंदू उत्तराधिकार कायद्याचे अठ्ठाविसावे कलम सांगते. तरीही भावाभावांच्या वाटणीत ‘त्याला काय कळते’ म्हणून दिव्यांग भावाचे नाव सातबाऱ्यावरून गळते आणि त्याच्या सांभाळाचा आधारच नाहीसा होतो. तलाठी कार्यालयात वारसनोंद होते तेव्हा घरात दिव्यांग वारस आहे का, एवढी चौकशी झाली तरी अनेक अन्याय टळतील.

तिसरे काम मनाचे आहे. मुलाला संस्थेत ठेवले की ‘टाकून दिले’ असा शिक्का बसतो, म्हणून पालक अखेरच्या क्षणापर्यंत थांबतात. त्यांच्या पश्चात नातेवाईक जी पहिली जागा मिळेल तेथे त्याला सोडून येतात, ना चौकशी करतात, ना पुन्हा भेटायला जातात. कवडास आणि कळंबोलीसारख्या जागा ज्या अंधारात चालतात, तो या पाठ फिरवण्यातून तयार होतो. योग्य वेळी, योग्य घर निवडणे आणि दर आठवड्याला तेथे जात राहणे, हाही सांभाळच आहे.

कळंबोलीनंतरही बऱ्याच पालकांच्या मनात निवासी गृहांविषयी भीती आहे आणि ती निराधार नाही. पण भीतीपोटी अशी घरे उभीच न करणे हा मार्ग नाही. आजच्या सत्तरीतल्या आई-वडिलांपाशी वाट पाहायला फार वर्षे नाहीत. त्यांच्या हयातीत जिल्ह्या-जिल्ह्यांत लहान, पगारी मनुष्यबळ असलेली आणि बाहेरच्यांना केव्हाही आत येऊ देणारी घरे उभी राहिली नाहीत, तर त्यांच्या मुलांचा मुक्काम रेल्वे स्थानक, भिक्षेकरी गृह किंवा एखादा बंद दाराआडचा आश्रम यांपैकी एका ठिकाणी असेल. हा पर्याय कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. काही न केल्यास तो आपोआप लागू होतो.